हेळवलेली

मळवली स्टेशनामागं आमचं क्वार्टर होतं. क्वार्टरच्या दाराशी चिंच, आणि चिंचेवर माकडांची टोळी. त्यातल्या एका माकडिणीचा डावा हात मनगटापासून गेलेला. रुळांत सापडला असणार. जखम ओली होती तेव्हा ती अन्नाला महाग झाली. काही मिळालं की दांडगी माकडं हिसकावून न्यायची. मला राहवेना. मी भुईमुगाच्या शेंगा घेऊन पायरीवर बसायला लागले. पंधरा दिवसांत ती माझ्या हातातून घ्यायला लागली, आणि महिन्याभरात तिच्या मागून अख्खी टोळी. मी तिला थोटी म्हणायची. पुढं तिला पिल्लू झालं. ते पोटाशी धरून ती पायरीवर यायची, आणि मी मेली शेजारपाजारी सांगत सुटायची, बघा, माया लावली की मुकं जनावर कसा विश्वास टाकतं.

लोणावळ्याला तेव्हा एक छोटी जीवदया मंडळी होती. टांग्याच्या घोड्यांच्या जखमा बघणं, हौदांत पाणी आहे की नाही ते पाहणं, असली तिची कामं. चिटणीस किराणा दुकानदार होते, भला माणूस. मळवलीची सभासद मी एकटी. मुंबईच्या एका संस्थेचं पत्रक त्यांनी मला दिलं होतं. औषधांच्या प्रयोगशाळांत जिवंत जनावरांवर प्रयोग होतात, जिथं काचेच्या नळीत काम भागतं तिथं तरी जनावरं वापरू नका, अशी त्यात मागणी होती. ते मी हळदीकुंकवाला वाचून दाखवलं. बायकांनी ऐकलं आणि वाण घेऊन घरी गेल्या.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चार दिवस मी लेकीला घेऊन माहेरी गेले होते. परत आले तर चिंच रिकामी. फलाटावर पट्ट्यापट्ट्यांची लाकडी खोकी रांगेनं लावलेली, आणि खोक्यांत आमची टोळी. शेवटच्या खोक्यात थोटी, पोटाशी पिल्लू.

आमचे हे त्याच स्टेशनात पार्सलबाबू होते. खोक्यांवर लेबलं तेच डकवत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हटलं, घेऊ नका हे पार्सल. ते म्हणाले, मुंबईच्या प्रयोगशाळेचं पत्र आहे, कागद चोख आहेत, कुठल्या तोंडानं नको म्हणू? मी ऐकेना. आरडाओरडाच केला म्हणा ना. तेव्हा ते अगदी हळू बोलले.

"आपल्या लेकीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्या सुयांतलं औषध कुठल्या जनावरातून आलं, ते तेव्हा विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. लेकीच्या पोटात सुया टोचत होते तेव्हा मी फक्त आई होते. पण मग थोटी तरी कोण होती?

मी चिटणीसांना तार केली. तासाभरात उत्तर आलं. खोकी पाठवणं कायद्यात बसतं, आपण अडवू शकत नाही. पाणी, खाणं आणि हवा आहे का तेवढं पाहावं. मी पाहिलं. सगळं होतं. तिथं मात्र मी हात टेकले.

राहता राहिला माकडं धरणारा. सोमाटण्याकडचा गडी, खोक्यांपाशी उकिडवा बसून त्यांना पाणी दाखवत होता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या. चार दिवसांत एवढी माकडं धरलीस कशी रे, असं मी विचारलं.

"मला काय बी करावं लागलं न्हाई, बाई. तुमी हेळवल्याली माकडं ही. तुमच्या पायरीवर पिंजरा ठेवला, आत शेंगा टाकल्या. थोटी आदी शिरली, तिच्या मागनं बाकीची."

हेळवलेली. हा शब्द मी गाईवासरांसाठी ऐकला होता, खायला देऊन हाताची सवय लावलेली. त्या दिवसापासून तो मला सहन होत नाही.

मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. त्याला दया आली असावी. थोट्या माकडाचे प्रयोगशाळेत पैसे मिळत नाहीत, तुमची ती तुम्ही न्या, पण पिल्लू चांगलं आहे, ते राहील, असं तो म्हणाला. मी मान हलवली. मनात म्हटलं, ही बाहेर तर येऊ दे, पिल्लू पोटाशीच आहे, मग बघू कोण सोडवतंय. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

त्यानं दार वीतभर उघडलं. "तुमीच बोलवा. तुमच्या हाताला येती."

मी शेंगा धरल्या. थोटी आली, नेहमीसारखी, न घाबरता. हात तिला एकच. शेंग घ्यायला तिनं तो पिल्लावरून काढला, आणि त्याच क्षणी गड्यानं पिल्लू ओढून आत टाकलं. पिल्लू किंचाळलं. थोटी मोकळी होती, चिंच वीस पावलांवर होती. तिनं चिंचेकडं बघितलंसुद्धा नाही. शेंग खाली टाकली आणि आपल्या पायांनी परत खोक्यात शिरली.

गडी दाराला हात लावून थांबला. मी एक पाऊल मागं सरले. त्यानं कडी घातली. सिग्नल पडला, यांनी शेवटचं लेबल डकवलं.

गाडी फलाटाला लागली, हमाल खोकी उचलायला लागले. पट्ट्यांच्या फटीतून थोटीनं हात बाहेर काढला. माझ्या मुठीत शेंगा उरल्या होत्या. मी दिल्या. आणि तिनं घेतल्या.