हिरा पायाने वाचते

"बाई, हिचे डोळे माझ्या डोळ्यांपेक्षा चांगले आहेत," अलिबागचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आणि मला रडू आलं. मी चष्मा मागायला आले होते. चष्मा लागला असता तर काम संपलं असतं.

माझी मुलगी हिरा तेव्हा नऊ वर्षांची होती. दुसरीत दोनदा नापास झाली होती. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बोट केलं, तर तिने लांबच्या माडावर किती नारळ आहेत ते सांगितलं. पुस्तक पुढे धरलं, तर "घर" या दोन अक्षरांपाशी अडकली. एकदा ध म्हणाली, एकदा भ म्हणाली.

"याला वर्ड ब्लाइंडनेस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळ्यांना अक्षर दिसतं, पण डोक्याला त्याची ओळख पटत नाही. जत्रेत माणूस समोर यावा, चेहरा दिसावा आणि कोण ते आठवू नये, तसं. डॉक्टर तरुण होते आणि खरं बोलणारे होते. "मी हे पुस्तकात वाचलंय. समोर पहिल्यांदाच बघतोय."

"औषध?"

"नाही."

"मग मी काय करू?"

"डोळ्यांतून जात नसेल तर दुसऱ्या वाटेने घालून बघा. कानाने, हाताने. आणि मारू नका. ही आळशी नाही."

मी खाली बघितलं. मी मारत होते. त्याहून वाईट म्हणजे, हिरा एका जागी बसत नाही म्हणून मी तिचा पाय दोरीने खांबाला बांधून तिला अभ्यासाला बसवत होते. लिहायला बरं वाटत नाही, पण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहिते. तुम्हीही काहीतरी बांधलं असेल.

परत येताना होडीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. गुरुजींनी सांगितलं होतं, "येत्या चैत्रात नापास झाली तर शाळेतून नाव काढतो. उगाच जागा अडवते." मी स्वतः चौथी शिकलेली. नवरा मुंबईला गोदीत. त्याचं पत्र आलं की मी दार लोटून एकटी वाचत असे. शेजारणींची पत्रं पोस्टमन अंगणात उभा राहून वाचायचा, आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्या आळीला कळायचं. माझ्या मुलीवर ती वेळ यायला नको होती. बाकी मला तिला काही मडम करायचं नव्हतं.

पाटीवर हात धरून गिरवून घेतलं. पंधरा दिवस गेले. काही नाही. तांदळात बोटाने काढून घेतलं. दोन अक्षरं आली, सकाळी गेली. मला वाटलं, डॉक्टरांनी मला वाटेला लावलं.

दिवाळी झाली आणि सासऱ्यांच्या आगराचं, म्हणजे मिठागराचं, काम निघालं. आमच्याकडे पाऊस सरला की वाफ्यांतलं पाणी काढतात आणि तळाचा चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात. तळ दगडासारखा सपाट व्हावा लागतो. खळगा राहिला तर मिठात चिखल येतो. हिरा या कामात मोठ्या बायकांना मागे टाकायची. पाय थांबायचेच नाहीत.

मी तिच्याकडे बघत उभी होते आणि एकदम माझ्या मनात आलं, अगो, वाट तर इथे आहे! ज्या पायाला मी दोरी बांधली, तोच पाय.

काठी घेतली आणि वाफाभर मोठा घ काढला. माणूस आत झोपेल एवढा. "चल यावरून. तोंडाने म्हण, घ."

ती चालली. वळणावर वळली, उभी रेघ उतरली. दहा वेळा. मग मी तिला म्हटलं, "आता तुडवून मोड." तिने मोडला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या चिखलात मी काही काढलंच नाही. "घ कुठाय?" म्हटलं, तर तिने स्वतःच्या पायांनी चालून काढला! बरोबर! मी एवढ्याने ओरडले की पलीकडच्या आगरातले लोक साप निघाला समजून धावत आले.

सासरे मात्र भडकले. "सूनबाय, मीठ पिकवायचंय का बाराखडी? तळ नासतोय माजा!"

"नासत न्हाय, बाबा. लिहिते तेवढं तुडवते. उलट जास्त तुडवते."

त्यांनी वाकून हाताने तळ दाबून बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या कोपऱ्यातला वाफा नरम हाय. तिथं जोडाक्षरं घाला."

पौषात वाफ्यांत पाणी सोडलं आणि चिखल संपला. मी घाबरले. पण हिराला आता चिखल लागत नव्हता. पुस्तक समोर धरायची, अंगठ्याने जमिनीवर अक्षर काढायची, आणि तोंडातून शब्द यायचा. हळू. पण यायचा.

परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले. आम्ही आया खिडकीला. हिराची पाळी आली. पुस्तक हातात, पाय हलायला लागला, आणि गुरुजी ओरडले, "पाय स्थिर!" ती थांबली. पाय थांबला तशी जीभही थांबली. तिचं तोंड पांढरं पडलं.

मला राहवलं नाही. "गुरुजी, तिचा पाय सोडा!" सगळा वर्ग हसला.

"काय भानगड आहे?" साहेबांनी हिरालाच विचारलं.

"साहेब, पाय हलल्याबिगर मला वाचता येत न्हाय."

साहेबांनी चष्मा वर केला. "मग हलव की. पायाचे मार्क कापत नाहीत."

तिने वाचलं. बाकीची मुलं एका दमात पाच ओळी म्हणायची. हिराला इतका वेळ लागला की बाहेरच्या दोघी बायका कंटाळून खाली बसल्या. एका ठिकाणी चुकली, पाय मागे घेतला, पुन्हा काढला, सुधारलं. साहेब शेवटच्या शब्दापर्यंत थांबले. पास!

ती आजही सावकाश वाचते. माझं काही म्हणणं नाही. मला पूर्वी वाटायचं, मूल वाकडं असलं की सरळ करायचं. आता वाटतं, आधी बघावं ते कुठून शिकतंय. त्या डॉक्टरांनी स्वतःला माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं, त्यांचे उपकार मोठे.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी गुरुजी मिठागराच्या बांधावर येऊन उभे राहिले. बरोबर दोन मुली. जरा वेळ खाकरले, मग म्हणाले, "या दोघींची नावं मी काढणार होतो."

मी काठी उचलली. सासरे वाफ्यातूनच म्हणाले, "गुरुजी, धोतर वर खोचा आन् उतरा तुमीबी. अर्धं आगर तुडवायचं राहिलंय."