त्यायच्या दारातलं वाजवणं

"आडनाव काय तुझं?"

पुण्यात एका हेवी मेटल गाण्याच्या कार्यक्रमानंतर, चहाच्या टपरीवर त्यानं मले इचारलं. तो आमच्या वेबसाइटचा संपादक. तीन वर्षं मी त्याच्यासाठी हेवी मेटलचे रिव्ह्यू लिहून राह्यलतो, नुसतं पह्यलं नाव टाकून. भेट मात्र पह्यलीच. मी आडनाव सांगतलं. तो बाकीच्यायकडे पाहून म्हणाला, "तरीच! वाजवणं-बिजवणं तुमच्या रक्तातच असतं."

सारे हसले. मीबी हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाई बापा.

तिथून सारं बदललं. माह्या नावाखाली न इचारता एक ओळ येऊ लागली, 'आत्महत्याग्रस्त जिल्ह्यातला आवाज'. मी काय प्रदर्शनात ठेवलेला नमुना हाय का बे? पह्यले रिव्ह्यू जसाच्या तसा छापत. आता प्रत्येक वाक्याले त्याचा सवाल, "हे कुठून घेतलंस?"

मी त्याच जिल्ह्यातल्या बोरी अरबचा. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, मशिनी दुरुस्त करणारा. कापसाचे वांधे झाले तसे जिनिंग तीन-चार महिनेच चालू लागलं. बाकीचे दिवस मी ऐकायचो आन् लिहायचो. मशिनीचं बेअरिंग जायच्या आधी त्याचा आवाज बदलते. तो मले सगळ्यायच्या आधी समजते. कान माहा तिथंच तयार झाला.

मंग संपादकाच्या दोस्तायचा अल्बम आला. दोनदा ऐकला. ड्रम कोणी वाजवलेच नव्हते, कॉम्प्युटरवर बसवले होते. माणसाचा हात थकते, कुठं तरी चिमूटभर मांगं पडते. इथं पह्यल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ठोका तसाच, पट्ट्यावर चालणाऱ्या मशिनीवाणी. मी लिहिलं, "या ड्रमरचे हात थकतच नाहीत, कारण इथे हातच नाहीत."

त्याचा फोन आला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाई. ऐकलं."

"खरं सांग. स्टुडिओतलं कोण ओळखीचं आहे? जिनिंगच्या गोंगाटात बसून तुला हे कळणार आहे का?"

दोन दिवसांनी रिव्ह्यू लागला. माह्या नावानं. "या ड्रमरचे हात थकतच नाहीत." बस्स. बाकीचं कापलं. माहंच वाक्य अर्ध्यात तोडून त्याचा हार करून दोस्तायच्या गळ्यात घातला.

बाबाले मोबाइल दाखवला. त्यानं चष्मा लावून वाचलं. "हे तूच लिवलं?"

"अर्धं."

बाबानं चष्मा काढला. मंग म्हणाला, "आपल्या लोकायनं बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली पाटलाच्या घरी लगन होतं. निरोप आला, दफडं घेऊन वाजवाले ये. तुह्या आज्यानं दफडं खुंटीवरून काढलंच नाई. म्हणे, माह्या घरी वाजवीन, त्यायच्या दारात नाई. वरात बिनवाजंत्र्याची गेली. मंग गावानं आपल्याले दुकान बंद केलं, मजुरी बंद केली. तरी नाई वाजवलं."

मोबाइल माह्या हातात देत त्यानं इचारलं, "आन् तू?"

बसल्या जागी संपादकाले लिहिलं, माहे सारे रिव्ह्यू काढा, नाव काढा. लगेच फोन. "अरे, एवढं काय चिडायचं? तुझ्यासारख्यांना इथे जागा देतं कोण?"

"काहून, मेटल तुमच्या बापाचं हाय का?" मी फोन ठेवला.

आता दुसऱ्या वेबसाइटवाले लिहाले बोलावतात. लय भारी लिहितो म्हणतात. कौतुक ऐकलं का मले आधी शंकाच येते. मी एकच इचारतो, माहं वाक्य पुरं छापाल का? बहुतेक तिथंच गप्प होतात. होऊ द्या.

मेटल मी ऐकतोच, फुल आवाजात, माह्या घरात. दफडं अजून खुंटीवर हाय. त्यायच्या दारात ते आज्यानं वाजवलं नाई, मीबी वाजवणार नाई.