मोडण्यासाठी बांधलेली भट्टी

इंदोऱ्यातल्या वच्छलाबाई सोमकुवरांच्या घरातला सगळा घोळ एका कारकुनाच्या बहिरेपणामुळं झाला, असं त्यांचे सासरे देवाजी सांगत. वच्छलाबाईंना ते पटत नसे. कारकुनाला चांगलं ऐकू येत होतं, त्यानं ऐकलं तेच लिहिलं, आणि म्हणूनच घोळ झाला, असं त्या म्हणत.

गोष्ट बहात्तर सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. दीक्षेच्या दिवसासाठी नरखेडकडच्या खेड्यांतून दरवर्षी पंचवीस-तीस पाहुणे त्यांच्याकडं उतरत. यंदा चाळीस येणार होते. वच्छलाबाई सकाळपासून अंगणात लांब रोट्या करत बसल्या होत्या. चुलीवर पालथं घातलेलं मडकं, बाजूला परातीत पाण्यासारखी सैल भिजवलेली कणीक. त्या कणकेचा गोळा उचलायचा, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचा, उपरण्यासारखा पातळ झाला की मडक्यावर टाकायचा. इंदोऱ्यात त्यांच्या रोटीला तोड नव्हती. रोटीतून पलीकडचा माणूस ओळखता येई, असं त्यांचा नवरा धोंडबा अभिमानानं सांगे. तो कापडगिरणीत कामाला होता, आणि अभिमानाची ही एक गोष्ट सोडली तर एरवी भित्रा होता.

तेवढ्यात काखेत रजिस्टर घेऊन एक कारकून आला. घरगुती उद्योगांची पाहणी चालू होती. तो नागपुरात नवीनच बदलून आला होता. मराठी त्याला समजे, पण विचार हिंदीतच करी.

"क्या बनता है, बाई?"

"रोट्या."

"इतनी बडी?"

कोपरांवर पीठ लोंबत असताना माणसाला फार बोलता येत नाही. "यंदा डबल हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. पाहुणे यंदा जास्त आहेत, असं त्यांना म्हणायचं होतं.

"डबल रोटी. किती?"

"दोनशे तं लागतेच."

हिंदीत डबल रोटी म्हणजे पाव. कारकुनानं तेच लिहून घेतलं. मग त्यानं वरणासोबत एक रोटी खाल्ली, आणखी अर्धी मागून घेतली, तोंडभरून तारीफ केली आणि पुढच्या घरी गेला.

संक्रांत उलटल्यावर दारात हातगाडी येऊन थांबली. तीवर मैद्याची तीन पोती, साखरेचं एक आणि एक कागद. कागदावर 'वच्छला बेकरी' असं टाइप केलेलं होतं. महिलांच्या नव्या उद्योगाला उत्तेजन म्हणून पहिले बारा महिने माल मोफत मिळेल, दरमहा मिळेल. खाली नियम होते. हा मैदा बेकरीच्या मालाखेरीज कशालाही वापरला तर गुन्हा. न वापरता ठेवला तर साठेबाजी, आणि तोही गुन्हा.

धोंडबानं कागद तीनदा वाचला. "म्हणजे हात लावला तं जेल, अन् नाही लावला तं जेल?"

"पोते आत घ्या आधी," वच्छलाबाई म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."

लोक पाहणारच. दुष्काळाचे दिवस होते. रेशनवर मायलो ही लाल परदेशी ज्वारी मिळे, आणि त्याची भाकर चावताना दात बोलत. राकेलसाठी रांगा लागत. आणि सोमकुवरांच्या दोन खोल्यांच्या घरात पांढराशुभ्र मैदा थप्पीनं रचला जात होता. दुसऱ्या महिन्यात पुन्हा चार पोती आली, तिसऱ्यात पुन्हा. घरची माणसं मायलोच खात होती, फक्त ती आता मैद्याला टेकून बसून खात होती. भांडीकुंडी अंगणात गेली. देवाजींचं अंथरूण पोत्यांवर गेलं. चौथ्या महिन्यात थप्पी इतकी चढली की सकाळी उठून बसताना त्यांचं डोकं छपराच्या कवेलूला लागे.

"सूनबाई," ते वरून म्हणाले, "मले खाली उतरव वं. चहा प्यायले बी इथंच ठेवशीन का आता?"

धोंडबा दोनदा उद्योग कचेरीच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. त्याच दिवशी वच्छलाबाई पातळ बदलून स्वतः निघाल्या.

कचेरीतले वामनराव सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग फाइल उघडली.

"मले बेकरी बंद करायची हाय, साहेब."

"काहून? आत्ताच तं सुरू झाली."

"सुरूच नाही झाली. आमच्या घरी भट्टीच नाही."

वामनरावांनी बोट ठेवून वाचलं. "भट्टी, एक. इथं लिहून हाय ना, बाई."

"ते मडकं होतं."

"मडक्याचा रकाना नाही." ते खरंच हळहळले. "असं पाहा, बेकरी बंद करायची म्हणजे भट्टी मोडल्याचा पंचनामा लागते. मोडून किती विटा निघाल्या, तो आकडा टाका लागते. तुमच्या किती निघतीन?"

"शून्य."

"शून्य टाकला तं वरचे साहेब विचारतीन, विटा गेल्या कुठं? सरकारी नोंदीतली भट्टी गायब केली म्हणून उलट तुमच्यावरच केस होईन."

वामनरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. त्यांना काही नको होतं. सल्ला प्रामाणिक होता.

"एक काम करा. एक भट्टी बांधा. लहानशी. झाली की कळवा. आमचा माणूस येऊन मोडून देईन."

"मोडायसाठी बांधू?"

"मोडायचा खर्च सरकारचा," वामनराव म्हणाले, जणू हे ऐकून बाईंना धीर येईल.

वच्छलाबाई चालतच घरी आल्या. आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटत होतं. पण कमाल चौकापाशी येईपर्यंत त्यांच्या मनात एकच विचार घोळू लागला होता: अंगणात, कडुनिंबाच्या कोणत्या अंगाला?

दोन घरं सोडून रुपराव राहत. कामठीतल्या एका बेकरीत त्यांनी वीस वर्षं पाव भाजले होते आणि तिथल्या भट्ट्याही बांधल्या होत्या. वच्छलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. "मोडायचीच हाय, भाऊजी. कशाबी चार विटा रचून द्या."

रुपरावांचा चेहरा पडला. "वैनी, माणूस मरतेच म्हणून कोणी लंगडं लेकरू मागते का? मी बांधीन तं भट्टी बांधीन. नाही तं दुसरा पाहा."

दुसरा कोणी नव्हता. काम वीस दिवस चाललं. तळाखाली रुपरावांनी वाळू घातली, तीवर जाडं मीठ, त्यावर फुटक्या काचा. आच धरून ठेवायला काच लागते, असं ते म्हणाले, तेव्हा सगळ्या गल्लीनं रिकाम्या बाटल्या आणून दिल्या, आणि कोणाच्या घरी कोणत्या बाटल्या होत्या तेही गल्लीला कळलं. ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर विटांचा घुमट चढवला, मग तोंडातून सगळी वाळू उपसून काढली. चिखल वच्छलाबाईंनी मळला. रुपराव हातातलं काम थांबवून पाहत राहिले. एवढा लोण्यासारखा चिखल कामठीतही कोणी मळला नव्हता.

"झाली ना?" धोंडबानं विचारलं. "मग कळवू का कचेरीले?"

"थांबा गा," रुपराव म्हणाले. "आठ दिवस मंद जाळावर वाळली पाहिजे. अन् एक घाणा तरी भाजला पाहिजे. भाजल्याशिवाय ते भट्टी नाही, कुत्र्याचं घर हाय."

हे कायद्यालाही धरून होतं. पंचनाम्यात 'शेवटच्या उत्पादनाची तारीख' असा रकाना होता. शेवटचं व्हायला पहिलं व्हावंच लागतं.

वच्छलाबाईंनी मैद्याचं पहिलं पोतं फोडलं. पावाआधी सोपं म्हणून रुपरावांनी नानकटाई सुचवली. डालडा, साखर, मैदा. डालडा जास्त झाला आणि नानकटाया पसरून एकमेकींत मिसळल्या. भट्टीतून परातीएवढी एकच नानकटाई निघाली. देवाजींनी तिचा तुकडा मोडला, चहात बुडवला, आणि डोळे मिटले. त्यांना दात नव्हते. मायलोच्या भाकरीनं त्यांना वर्षभर रडवलं होतं.

"भल्लं झालं हे, सूनबाई," ते म्हणाले. "अजून एक अशीच बिघडव."

दुसऱ्या दिवशी पाव झाला. तो जळाला. तिसऱ्या दिवशीचा वर करपून आत कच्चा राहिला. रुपराव मूठभर पीठ भट्टीच्या तळावर फेकून रंग पाहत आणि आच सांगत. पाचव्या दिवसापासून वच्छलाबाईंना पीठ लागेना. त्या भट्टीच्या तोंडाशी गाल नेत आणि थोडं थांबून सांगत, "आता टाका." रुपराव मागून पीठ फेकून खात्री करत, आणि दर वेळी मुकाट्यानं हात झटकत.

पाव काढल्यावर आत पुष्कळ आच उरे. ती वाया जाताना शेजारच्या यमुताईंना पाहवेना. त्यांनी डाळ घातलेला पितळी गंज आत सरकवला. तीन तासांनी डाळ लोण्यासारखी शिजून निघाली, राकेलचा थेंब न जाळता. दुसऱ्या दिवशी भट्टीत सात गंज होते, आठवड्यात सतरा. कोणी वांगी ठेवली, कोणी रताळी, कोणी कणकेचे रोडगे. भट्टीतली मायलोची भाकरसुद्धा खुसखुशीत लागू लागली. गल्लीतल्या बायकांना दुपारी बसायला वेळ मिळाला, आणि हा वेळ कशात घालवावा हे न कळून त्या भट्टीपाशीच येऊन बसू लागल्या.

धोंडबानं मात्र कचेरीला कळवलं होतं. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर आनंदराव आले. मागं घण घेतलेला एक मजूर.

"मोडायची भट्टी हेच का?"

"हेच," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

मजुरानं घण उचलला. यमुताई ओरडल्या, "अगा बाबा! माही खीर हाय आत!"

आनंदरावांनी वाकून पाहिलं. आत खिरीचे अकरा गंज होते. त्यांनी विटेला बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं. जळत्या भट्टीवर घण मारला तर विटा उडून कोणाचं कपाळ फुटेल, असं त्यांना दिसलं. "थंडी व्हायले किती दिवस लागते?"

"चार," रुपराव म्हणाले.

पंचनाम्यात लिहिलं गेलं: भट्टी गरम असल्यानं मोडता आली नाही. जाताना दोघांनी खीर खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळी वच्छलाबाई भट्टीपाशी गेल्या. त्यांनी तोंडाशी गाल नेला. आत गारवा होता. एखाद्या घरातली माणसं गावाला गेल्यावर असतो, तसला. मग त्यांनी पदर खोचला आणि लाकडं आत सारली.

धोंडबा धावत आला. "आज साहेब येऊन राह्यले ना! अन् तू पेटवून राहिली?"

"यमुताईची डाळ हाय."

"तिच्या डाळीपायी मी जेलात जाऊ?"

"तुमचं कायले? बेकरी माह्या नावावर हाय. गेली तं मी जाईन."

हे धोंडबाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला पुष्कळ बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. तो गुमान जाऊन आणखी लाकडं घेऊन आला.

आनंदराव आले, विटेला बोट लावलं, 'भट्टी गरम' असं लिहिलं आणि गेले. असे ते पाच वेळा आले. चौथ्या वेळी मजुराच्या एका हातात घण होता आणि दुसऱ्या हातात घरून आणलेला तुरीच्या डाळीचा गंज. पाचव्या वेळी घण त्यानं आणलाच नाही. मैदा आता नियमाप्रमाणं खपत होता. वच्छलाबाई सकाळी पाव भाजत, गल्लीला आणि पलीकडच्या शाळेला पुरवत. देवाजी दर महिन्याला दोन पोती खाली येत होते.

दिवाळीच्या तोंडावर वामनराव स्वतः आले. घामानं निथळत होते, पण चेहरा फुललेला.

"बाई, झालं तुमचं काम! जुनी पाहणी तपासली. त्या कारकुनानं लिहून देल्लं, आपण मडकं पाह्यलं होतं म्हणून." त्यांनी शिक्का मारलेला कागद पुढं केला. सदर ठिकाणी भट्टी नव्हती व नाही, असं त्यावर स्पष्ट होतं. परवाना रद्द, वाटप बंद, कोणताही गुन्हा नाही.

वच्छलाबाईंनी कागद वाचला. मग वामनरावांच्या पाठीमागं बोट दाखवलं. वामनराव भट्टीला जवळजवळ टेकून उभे होते, म्हणून तर त्यांना घाम फुटला होता.

"अन् हे?"

वामनरावांनी वळून पाहिलं. "हिचं आता काही करता येत नाही," ते म्हणाले. "जे नाही ते मोडायचा नियम नाही."

सरकारी मैदा बंद झाला, पण वच्छलाबाईंचं काही अडलं नाही. लोक आपापलं पीठ घेऊन येऊ लागले. त्या दिवाळीत अंगणात नानकटाईच्या परातींची रांग रस्त्यापर्यंत गेली. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीनं नानकटाईवर खूण उमटवली होती: यमुताईंनी बांगडीची, कोणी चाळणीची, कोणी कोटाच्या बटणाची. एका परातीवर मात्र काहीच खूण नव्हती. ती वामनरावांच्या बायकोनं सायकलवाल्याच्या हाती पाठवली होती. वच्छलाबाईंनी भट्टीशी गाल नेला, जरा थांबल्या, आणि पहिली तीच परात आत सरकवली.