एक सड रेडकासाठी

दुपारचं जेवण झालंय. शालन शेजारीच चटईवर आडवी झालीय. डोळा लागतोय, लागत नाहीय, तेवढ्यात फिनेलचा वास येतो.

मी गोठ्यात उभा आहे. समोर डॉक्टर तांबोळी मॅडम, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, अडलेल्या म्हशीच्या पाठीवर हात. मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली, हे मला माहीत आहे. तरी मी नेहमीसारखी बादली पुढं करतो. गुरांच्या सरकारी दवाखान्यात माझी नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली.

"काय खोत, पुढच्या महिन्यात रिटायर म्हणे?"

"होय मॅडम."

"पेन्शन कुठली घेताय?"

हे त्याच विचारणार. आम्ही सगळे नव्या पेन्शनवाले. दरमहा पगारातून कापायचे, सरकार त्यात आपला वाटा घालायचं. पण ते जातं कुठं, परत येतं कसं, आम्हाला काही उमगत नव्हतं. म्हैस विण्याची वाट बघत बसलो की मॅडम समजावायच्या. मला, ड्रेसरला, शिपायाला. नाही कळलं तर पुन्हा पहिल्यापासून. एवढी शिकलेली बाई, पण कधी कपाळाला आठी नाही.

"जमलेल्यातलं काही एकदम हातात येतंय," मी म्हणतो. "उरलेल्यातनं दरमहा पेन्शन. ती मोठीच घ्यावी म्हणतोय."

"मोठी म्हणजे?"

"मी आहे तोवर जास्त मिळते. नंतर बंद."

गोठ्याची भिंत आता ट्रेझरीची खिडकी झालीय. खिडकीपलीकडं आमचंच स्वयंपाकघर, आणि त्यात शालन, केस पांढरे झालेली, एकटीपुरतंच ताट वाढून घेणारी. ती माझ्याहून बरीच लहान. आम्हाला मूलबाळ नाही.

"आणि दुसरी?" मॅडम विचारतात, जणू त्यांना ठाऊकच नाही.

"दुसरी जरा कमी. पण माझ्यामागं हिला चालू राहते."

"धार काढताना सगळे सड रिकामे करता का हो खोत?"

"छे! एक रेडकासाठी ठेवतो की."

"मग?"

मला हसू येतं.

"मॅडम, तुम्ही तर रिटायरच झाला नाहीत. तुमचं कसं?"

"अम्मीला मिळतंय ना. आजार कळला, त्याच आठवड्यात मी सगळं बघून ठेवलं. तिच्या दम्याच्या औषधांना कुणापुढं हात पसरावा लागत नाही." असं सांगताना त्यांचा हात म्हशीवरून फिरतच राहतो. स्वतःचं मरण समोर दिसत असताना हिशेब आईचा केला या बाईनं.

म्हैस कण्हते. खिडकी नाही, ट्रेझरी नाही, पुन्हा गोठा.

"पाय दिसले. धरा खोत! घट्ट!"

मी धरतो. सगळा जोर लावून ओढतो.

"अहो, हात सोडा की माझा!"

शालन उठून बसलीय. तिचं मनगट माझ्या मुठीत आहे.

"मॅडम आल्या होत्या," मी म्हणतो. "पेन्शन कमीचीच घेतो. ती तुला पुढं चालू राहील."

शालन माझ्याकडं वळते.

"मॅडमनी सांगितलं?"

"त्यांनी नुसतं विचारलं."

ती हलकेच मनगट सोडवून घेते. माझ्या तळहातावर तिच्या बांगड्यांचे वळ उमटलेत, लालबुंद, एकाशेजारी एक.