काचेवरची थरथर

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तांबड्या पेशी अक्षरशः नाचताना दिसल्या. एकीच्या दोन झालेल्या, कडा पुसट, आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. मी चष्मा पुसला, लेन्स पुसली, स्लाइड बदलली. तरी तेच. शेवटी टेबलावर तळहात टेकवला तेव्हा कळलं, टेबलच थरथरतंय. टेबल काय, अख्खी गाडीच.

ही गाडी म्हणजे आमचा फिरता दवाखाना. मी ब्रह्मपुरीची. रक्त तपासायचं शिक्षण घेतलं आणि नोकरी लागली ती एटापल्लीकडच्या गावांतून फिरणाऱ्या या गाडीवर. मागच्या भागात माझं टेबल, मायक्रोस्कोप आणि औषधांचा लहानसा फ्रीज. पुढे डॉक्टर आणि ड्रायव्हरभाऊ. भाऊ घुग्घुसचे. कोळशाच्या खाणीवर आयुष्यभर टिप्पर चालवलेला माणूस; बोलायलाही टिप्परसारखाच, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

"भाऊ, गाडी काऊन एवढी हालून राह्यली?" मी मागून ओरडले.

"डिझेल इंजिन आहे बाई, हालनारच! पाळना थोडीच आहे?"

इंजिन बंद करावं तर फ्रीज आणि मायक्रोस्कोपचा दिवा दोन्ही इन्व्हर्टरवर, आणि तो इंजिन बंद झालं की लगेच मान टाकायचा. गावातल्या शाळेत टेबल मांडावं तर तिथली वीज गेलेली. मलेरियाच्या झटपट चाचणीच्या पट्ट्या होत्या आमच्याकडे, पण पट्टी एक सांगते आणि माणसाचा चेहरा दुसरंच, असं झालं की स्लाइडच बघावी लागते. त्या थरथरीत ती बघता येईना. मग स्लाइडी डबीत भरून शहरात पाठवायच्या आणि माणूस तापाने फणफणत असताना अहवालाची वाट बघायची. याचा मला फार राग यायचा.

भाऊंचा कयास होता, डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले असतील. त्यांनी ते साफ करून आणले. फरक शून्य.

मग एक दिवस गंमत झाली. फ्रीज नीट थंड होत नव्हता म्हणून भाऊंनी ॲक्सिलरेटर जरासा दाबला, आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या पेशी एकदम गप्प उभ्या राहिल्या. कडा स्वच्छ, नाण्यासारख्या.

"भाऊ! पाय काढू नका!" मी किंचाळलेच.

"काय झालं? साप घुसला का?"

"पाय नका काढू म्हणते ना!"

त्या दिवशीच्या सगळ्या स्लाइडी मी तशाच बघितल्या. भाऊ बिचारे पेडलवर पाय ठेवून बसलेले. "बाई, पायाले मुंग्या आल्या वो," असं अधूनमधून म्हणायचे, पण पाय हलवायचे नाहीत. मला मात्र चैन पडेना. इंजिनच बिघडलेलं असतं तर ते वेगातही थरथरलं असतं. हे फक्त संथ चालताना थरथरतं, म्हणजे इंजिन ज्याच्यावर बसलंय तिथेच काहीतरी गडबड असेल. मी भाऊंना हे सांगितलं. ते म्हणाले, "चालू-बंद करताना ठक्क वाजते खरं. मले वाटे, रस्त्यानं पत्रा ढिला झाला."

रस्ता होताच तसा. खनिजाच्या ट्रकांनी उखडून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी गावात पोचताच आम्ही बोनेट उघडलं. मी बाजूला उभी. भाऊंनी हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. बसलेली म्हैस उठायला लागावी तसं इंजिन उजव्या अंगानं वर आलं आणि क्लच दाबताच धपकन खाली बसलं.

"उठलं! भाऊ, उठलं!"

मी वाकून बघितलं. इंजिन ज्या रबरी उशीवर टेकलेलं असतं तिला माउंटिंग म्हणतात, गॅरेजवाल्यांच्या भाषेत फाउंडेशन. तिच्या अंगावरून काळा चिकट ओघळ खाली उतरलेला आणि त्यावर धूळ बसून थर झालेला. भाऊंनी बोट लावून वास घेतला. "इंजिनाचं तेल नाई हे. ह्या उशीतूनच काईतरी गळालं." रबराच्या उशीत गळण्यासारखं काय असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आलापल्लीच्या एका गॅरेजमध्ये ती उशी काढली आणि तिच्या जागी साधी भरीव रबराची बसवली. मापात चपखल होती. ठक्क आवाज गेला, इंजिनाचं उठणं गेलं. मी हसत टेबलावर बसले, डोळा लावला, आणि पेशी आधीपेक्षा जोरात नाचायला लागल्या! फ्रीजमधल्या बाटल्याही किणकिण वाजू लागल्या. मला रडावं की हसावं कळेना.

"जुनी कुठी आहे?" मी विचारलं.

भाऊंनी ती सीटखाली ठेवली होती. आम्ही ती आरोग्य उपकेंद्राच्या अंगणात नेली आणि भाऊंनी लोखंड कापायच्या करवतीनं, हॅक्सॉनं, कापायला सुरुवात केली. आशाताई पण येऊन बसल्या. या त्याच गावच्या आशा कार्यकर्त्या, माडिया आदिवासी. लोकांचं बोलणं मला आणि माझं लोकांना समजावून सांगायच्या. रबर चिवट, भाऊ घामाघूम. उशी दुभंगली तेव्हा आम्हा तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

आत दोन कप्पे होते, एक वर, एक खाली. मधल्या चकतीत कडेकडेनं फिरणारी एक अरुंद वाट. तळाशी थोडासा द्रव उरलेला, बाकीचा फाटलेल्या पडद्यातून वाहून गेलेला. मी ती वाट बोटानं चाचपत राहिले आणि एकदम उलगडा झाला. इंजिन खाली दाबलं की द्रव या चिंचोळ्या वाटेनं दुसऱ्या कप्प्यात जाणार, वर आलं की परत. त्या येण्या-जाण्यातच थरथर जिरत असणार. भरीव रबराला ही सोयच नाही. ते इंजिनाला घट्ट धरतं आणि त्याची थरथर जशीच्या तशी माझ्या टेबलापर्यंत पोचवतं.

"म्हंजे ह्याच्या पोटात पानी पाह्यजे," आशाताई म्हणाल्या.

"पाह्यजेच!" भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. "अन् एक गेली तर दुसऱ्या अंगाची पन मेलीच असन. जोडीच मागवतो."

चंद्रपूरहून मूळ बनावटीच्या उशांची जोडी एसटीनं आली. ते पुडकं घ्यायला मीही भाऊंबरोबर स्टँडवर गेले. माहेरहून डबा यावा तशी मी बसकडे धावले. इंजिनाखाली लाकडी फळी, फळीखाली जॅक, असं करून गॅरेजवाल्यानं इंजिन जरासं उचललं आणि दोन्ही उशा बसवल्या. भाऊंनी चावी फिरवली. मला वाटलं, इंजिन सुरूच झालं नाही.

"चालू करा ना भाऊ!"

"चालूच आहे!" ते खिडकीतून डोकं काढून हसत ओरडले.

त्यांच्या गावच्या पुढच्याच फेरीत आशाताई एका म्हातारीला घेऊन आल्या. कितीतरी दिवस थंडी वाजून ताप येत होता, आणि पट्टीवर काही दिसत नव्हतं. मी तिच्या बोटातून थेंब घेतला, स्लाइड वाळवली, रंग दिला, लेन्ससाठी वर तेलाचा थेंब टाकला. इंजिन सुरू, फ्रीज सुरू, आणि पेशी जागच्या जागी. स्लाइडचा एक भाग, मग दुसरा, अशी मी सावकाश पुढे सरकत गेले. आणि एका पेशीत दिसली ती निळसर बारीक अंगठी, कडेला लाल ठिपका. मग आणखी एक. मलेरिया. म्हातारी अजून झाडाखाली टेकलेलीच होती. डॉक्टरांनी तिथेच औषध सुरू केलं.

मी भाऊंना हाक मारली. "या, बघा."

इतके दिवस ही गाडी चालवून त्यांनी या नळीत कधी डोळा घातला नव्हता. ते वाकले, एक डोळा मिटला आणि नळीला चिकटूनच राहिले.

"बाई... हे आपल्या अंगात असते?"

"हो."

"माहं दाखवता का?"

मी त्यांचं बोट टोचलं. एवढा मोठा माणूस, सुई बघून मान फिरवली! पण स्वतःच्या पेशी दिसल्या तेव्हा त्यांच्या आवाजानं सगळं गाव जमा झालं. आशाताईंनी माडियात काय सांगितलं कोण जाणे, दारासमोर बायकांची रांग लागली. कुणाला ताप नाही, खोकला नाही. प्रत्येकीला फक्त बघायचं होतं. म्हातारीही उठून आली, तिला पुढे घातलं. माझ्या स्लाइडी संपत आल्या होत्या. भाऊ पायरीशी उभे राहून एकेकीला हात देऊन आत चढवत होते, "एक डोळा मिटा, एक डोळा मिटा," असं मराठीतच सांगत, आणि त्या हसत दोन्ही डोळे मिटत होत्या.