मोरचूद घातलेली खळ

माझी पहिली नेमणूक दोंडाईच्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात झाली, आणि ती नेमकी दुष्काळात. मी जळगावची, मेहरूणची. तळ्याकाठी वाढल्यामुळे पाणी जपून वापरायची सवय नव्हती आणि शिकून आल्यामुळे कुणाचं ऐकायची सवय नव्हती. वय बावीस. तिसरी-चौथीची मिळून चाळीस मुलं माझ्याकडे दिली होती. पहिले सहा महिने मी सारखी कशाला ना कशाला घाबरत होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मुलांवर खेकसत होते.

त्यातच एका सोमवारी तपासणी ठरली. साहेब यायचे, वर्ग पाहायचे, शेरा लिहायचे, आणि त्या शेऱ्यावर मी नोकरीत कायम होणार की नाही ते ठरायचं. आमचे मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, "बाई, साहेबांना हस्तव्यवसायाची फार हौस आहे. टेबलभर वस्तू मांडा, बाकीचं मी बघतो." झालं, त्या टेबलाचा मी ध्यास घेतला.

कागदाचा लगदा करायचा मी ठरवलं, कारण त्याला पैसा लागत नाही असा माझा समज होता. दोंडाईच्यातल्या एका मारवाडी दुकानदाराकडून जुनी वर्तमानपत्रं आणली. मुलांनी त्यांचे बोटभर तुकडे केले, घमेल्यात तीन दिवस भिजत ठेवले, मग दगडाने कुटून कुटून त्याचं मऊ पीठ केलं. नुसता लगदा वाळला की भुगा होतो, म्हणून त्यात खळ मिसळतात. खळ म्हणजे कणीक पाण्यात शिजवून केलेली चिकट पेज. मेथ्या वाटून घालायची पद्धत आमच्याकडे आहे, बायका तशा टोपल्या करतात, पण त्या साली मेथ्या कुठून आणायच्या? माझ्या रेशनच्या गव्हाची कणीक होती, ती मी वर्गातच तीन दगडांच्या चुलीवर शिजवली.

मुलं भोवती गोळा झाली होती. शिजत्या कणकेचा वास सुटला, तशी सगळी एकदम गप्प झाली. मला वाटलं, वा, किती लक्ष देऊन बघताहेत! घरोघरी रेशनवर आलेल्या मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस चालले होते आणि मी चाळीस उपाशी पोरांसमोर गव्हाची पेज ढवळत होते. आज आठवलं की स्वतःचा राग येतो. तेव्हा फक्त अभिमान वाटत होता.

पहिल्या खेपेला केळी, मिरच्या, वांगी, एक बैलजोडी असं बरंच जमलं. दोन दिवसांनी कुलूप उघडून पाहते तर उंदरांनी निम्म्याचा फडशा पाडलेला. बैलांची वशिंडं गेली होती. तपासणीला पाच दिवस उरले होते.

तेव्हा मला माझं शिक्षण आठवलं. पुस्तकं बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात, मग उंदीर-झुरळ शिवत नाहीत, असं आम्हाला शिकवलं होतं. मोरचूद हा निळा विषारी खडा. बियाण्याला लावायला शेतकरी नेतात, त्यामुळे बियाण्याच्या दुकानात सहज मिळाला. मी तो कुटला आणि उरलेल्या लगद्यासाठी शिजवलेल्या नव्या खळीत चांगला मूठभर टाकला. खळीला किंचित निळसर झाक आली. मुलांना सांगितलं, "हात तोंडात घालायचे नाहीत, काम झालं की धुवायचे." धुवायला चाळीस जणांत एक बादली पाणी होतं. पहिल्या दहांनी ते संपवलं, बाकीच्यांनी हात मातीत घासले. ते मी पाहिलं होतं. पाहून पुढच्या कामाला लागले.

शनिवारी सकाळची शाळा. वस्तू पूर्ण झाल्या, उन्हात मांडल्या. तिसरीतली एक मुलगी नेहमी शेवटी थांबून झाडलोट करायची. कुणी सांगितलेलं नसताना करायची. तिने खळीचा डबा पुढे धरला. अर्धाअधिक भरलेला होता.

"बाई, हाई उरनं. याचं काय करू?"

मी केळ्यांचे देठ मोजत होते. मान वर न करता म्हटलं, "काय करायचं ते कर."

दुपारी उशिरा मी वस्तूंवर आणखी एक हात फिरवायला परत आले. डबा नव्हता. कोपरे पाहिले, बाहेर पाहिलं, सांडलेलं काही दिसतंय का पाहिलं. चुलीच्या दगडांवर ओघळलेली खळसुद्धा कुणीतरी बोटाने निपटून नेलेली होती. खायलाच नेली होती ती. मी त्या मुलीचं घर गाठायला पळत सुटले.

ते घर मला माहीत नव्हतं. सहा महिने त्या मुलीला शिकवत होते आणि ती राहते कुठे हे मला ठाऊक नव्हतं! गावात शिक्षिका पळताना कुणी पाहिलेली नसावी. पारावरचे एक नाना उठून उभे राहिले. "काय व्हयनं, बाई?" मी मुलीचं वर्णन सांगितलं, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते म्हटलं. अशा घरांना त्या साली तोटा नव्हता. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. शेवटी त्यांनी नाल्यापलीकडच्या झोपड्या दाखवल्या. नाला ओलांडताना चप्पल तुटली. मी ती तिथेच सोडली. मनात एकच हिशेब चालला होता: शाळा सुटून किती वेळ झाला, चूल किती वाजता पेटते.

चूल पेटलेली होती. आई तव्यासमोर, मुलगी लाकडं सारत होती, आणि चारेक वर्षांचा धाकटा भाऊ ताटली मांडीवर घेऊन बसला होता. ताटलीत भाकरी होती. शेजारी माझा डबा, रिकामा.

मी ताटली हिसकावली. तव्यावरची भाकरी, परातीतलं पीठ, सगळं उचलून दाराबाहेर मातीत ओतलं. पोराचं तोंड उघडून बोट फिरवलं. ते किंचाळलं. आई उठून उभी राहिली. मला वाटलं ती मला मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कोनी खादं का? कोणी खाल्लं का?" मी त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही भाषांत ओरडत होते.

"आजून कोनी खादं नही," आई म्हणाली. "मिलोनं पीठ जुळत नही, भाकर तुटी जास. पोरनी खळ आनी, म्हनीसन मी ती पीठमा घाली."

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगं ना, काय करनं ते कर."

"विष आहे त्यात," मी म्हटलं. "उंदरांसाठी घातलं होतं."

आईने मातीतल्या भाकरीकडे पाहिलं. मग मुलीचा हात धरून तिची बोटं उजेडाकडे वळवली. नखांत निळसर खळ वाळून बसली होती.

"विख शे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मंग पोरेस्ना हातमा कसाले दिधं, बाई?"

इतका वेळ मी त्या डब्यामागे धावत होते, त्यातली खळ कुणी खाईल या भीतीने. चाळीस मुलांनी चार दिवस तीच खळ उघड्या हातांनी मळली होती, आणि त्यांच्याविषयी एकदाही माझ्या काळजात चर्र झालं नव्हतं. आईने माठ कलंडवून तळाचं पाणी काढलं आणि मुलीचे हात धुतले. दोन तांबे लागले. माठ रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी घरी होती तेवढी कणीक मी त्यांना नेऊन दिली. त्याच दिवशी गुरुजींनी खड्डा खणून सगळ्या वस्तू पुरल्या. सोमवारी साहेबांनी रिकामं टेबल पाहिलं, शेरा लिहिला, आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत मला सगळी घरं गाठायची होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी मी घरं विचारत दारोदार फिरले. प्रत्येक दारात सांगितलं की खळीत विष होतं, मुलाचे हात आत्ताच्या आत्ता चोळून धुवा, उलट्या झाल्या तर मला बोलवा. सांगून झालं की मी जरा थांबायची. त्या आईने विचारलं तेच आता इथेही विचारतील, म्हणून मान खाली घालून उभी राहायची. कुणी विचारलं नाही. बाई घरी आल्या म्हणून एकीने गोणपाट अंथरलं, एकीने माझ्या अनवाणी पायाकडे पाहून काटा टोचला का विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पोरांना हाक मारली, आणि प्यायच्या पाण्यातून त्यांचे हात धुवायला घेतले.