राखीव पोर्ट

“हळू बोला की, कॉपी चाललीया,” काकांनी दारातल्या दूधवाल्याला दटावलं.

संगणकाची एवढी अदब राखणारा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे काका कागलच्या एमआयडीसीत मशीनची देखभाल करून निवृत्त झाले आणि मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स ही संगणकप्रणाली स्वतःच शिकले. कारखान्यात मशीन कुरकुरलं, की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून मूठ कानाला लावत. संगणकालाही तोच उपचार. “बेरिंग झ्याक हाय,” असं निदान झाल्यावरच ते कीबोर्डला हात लावत.

त्या दिवशी जीव माझा टांगणीला होता. दुसऱ्या दिवशी पुण्यात प्रवेशाची मुलाखत, तिथे दाखवायचा माझा लघुपट, आणि माझा संगणक बंद पडलेला. काकांनी त्यातली हार्ड डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली, लघुपट शोधला, पेनड्राइव्हवर कॉपी सुरू केली. दुपारचे दोन वाजले होते, पडद्यावर ‘अडीच तास बाकी’, आणि माझी एसटी चारची.

काकांनी काळ्या पडद्यावर आज्ञा दिल्या, उमटलेल्या ओळी पत्रिका वाचावी तशा खड्या आवाजात वाचल्या, पेनड्राइव्ह काढून फुंकला, परत लावला. कॉपी पुन्हा पहिल्यापासून. “घाबरू नकोस पोरी, चोर इथंच हाय कुठंतरी.” इंग्रजी शाळेमुळे मराठीत वाद घालताना माझे शब्द अडतात, त्यात मोठ्यांना शिकवायचं नाही, हे घरचं वळण. मी घड्याळ पाहिलं.

ते चहा टाकायला आत गेले, तेव्हा मी वाकून पाहिलं. पेनड्राइव्ह जुन्या कीबोर्डच्या कडेला असलेल्या संथ पोर्टला, म्हणजे जोडणीच्या खाचेला, लावलेला. संगणकाच्या मागचे चार वेगवान पोर्ट मात्र कोरे करकरीत. धूळ जाऊ नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर काकांच्या सुबक अक्षरात ‘राखीव’. नवी वस्तू जपून ठेवायची, जुनीवर भागवायचं, ही त्यांची जन्माची रीत.

मला हसू आलं आणि लगेच विरलं. काकू गेल्यापासून या घरात काकांजवळ कुणी निवांत बसत असेल, तर ते कॉपी संपेपर्यंतच.

तीन वाजत आले होते. स्वयंपाकघराकडे तोंड करून मी शेवटी म्हणाले, “काका, मागची पट्टी मी काढते, पंधरा मिनिटांत होईल. पण चहा दोघांचा टाका. मी थांबते.”